भुताची वही, माणसाची वही

प्रश्न असा आहे: "आठ भागांची एक रहस्यमालिका आम्ही घरच्यांनी मिळून दोन रात्रींत संपवली. जुना वाडा, विहीर, विहिरीत दिसणारी बाई आणि एकामागून एक तीन मृत्यू. सहाव्या भागापर्यंत अंगावर काटा होता. शेवटी कळलं की बाई-बिई काही नव्हतीच, सगळं धाकट्या दिराने इस्टेटीपायी घडवून आणलेलं. मला फसवल्यासारखं वाटलं. नवरा म्हणतो, डोकं बाजूला ठेवून बघत जा. सासूबाईंनी मात्र दुसऱ्याच भागात दीर ओळखला होता आणि तरी सगळ्यात जास्त मजा त्यांनाच आली. हे कसं? भूत असेल-नसेल अशा गुन्हेकथेचा आनंद घ्यायचा तरी कसा? आणि भूत खरंच निघालं, तर ती गुन्हेकथा उरते का?"

डोकं बाजूला ठेवायचा सल्ला मानू नका. भूत आहे की नाही हेच जिथे ठरलेलं नाही, तिथे सगळा खेळ डोक्यातच चालतो. ते बाजूला ठेवलं की उरतो नुसता दचका, आणि दचक्यासाठी आठ भाग कशाला हवेत? दाराआड लपलेलं घरातलं पोरही पुरतं.

मी एका दिवाळी अंकासाठी सव्वीस वर्षं रहस्यकथा निवडल्या. मे महिन्यात टपाल यायला लागायचं आणि गणपतीच्या आत मजकूर छापखान्यात द्यायचा, त्या मधल्या दिवसांत शे-सव्वाशे कथा वाचून व्हायच्या. अर्ध्याअधिक कथांत वाडा, विहीर, अमावस्या आणि मृत्युपत्र घेऊन येणारा वकील. पुढे कथा मेलवर यायला लागल्या, पण अमावस्या तीच राहिली. इतकं वाचून माणूस भुताला घाबरेनासा होतो असं लोकांना वाटतं. तसं काही होत नाही. भीती नेमकी कुठून येतेय ते बघायची खोड तेवढी लागते.

तुमच्या फसवणुकीचं मूळ मला आपल्या वाचनालयाच्या कपाटांत दिसतं. मराठीत आपण रहस्यकथा, भयकथा आणि गूढकथा असे तीन शब्द वापरतो आणि पुस्तकंही तशीच लावतो. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक झुंजार एका कपाटात, नारायण धारपांच्या भयकथांतले समर्थ दुसऱ्या कपाटात. झुंजार हातात घेतला की वाचकाला ठाऊक असायचं, इथे जे काही होईल ते माणसाच्या हातून होईल. समर्थ आले की समजायचं, पलीकडचं काहीतरी जागं झालंय आणि त्यावर उताराही पलीकडचाच लागणार. तुमची मालिका या दोन कपाटांमधल्या भिंतीवर बसलेली होती. तुम्ही मनाने केव्हाच धारपांच्या बाजूला उडी मारलीत, आणि मालिका उतरली अर्नाळकरांच्या बाजूला. राग आला तो यामुळे. मालिका चांगली की वाईट हा पुढचा प्रश्न.

तेव्हा पहिली गोष्ट, उडी मारू नका. भिंतीवर बसून राहायचं. ते जमावं म्हणून मी एक साधी युक्ती करायचो, ती सांगतो.

शाळेची दोनशे पानी वही घ्यायची. उघडली की डावं पान भुताचं, उजवं पान माणसाचं. कथेत जे जे विचित्र घडेल ते दोन्हीकडे टिपायचं. भुताने केलं असेल तर कसं, आणि माणसाने केलं असेल तर कसं. एखादी नोंद एका बाजूला सहज बसते आणि दुसऱ्या बाजूला बसतच नाही, अशी वेळ आली की तिथे पेन्सिलीने फुली. शिवाय प्रत्येक नोंदीच्या समासात एक प्रश्न: हे सांगतंय कोण? हा समास सगळ्यात महत्त्वाचा. सुरुवातीला मला तो सुचलाही नव्हता, पाच-सात वर्षं वाचल्यावर सुचला.

या हिशोबाचा उत्तम नमुना म्हणजे आर्थर कॉनन डॉयल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'. ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ अशी नऊ महिने ती लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः छापून येत होती. पुढच्या दोन-चार परिच्छेदांत तिच्यातलं भूत मी उघडं पाडणार आहे, तेव्हा वाचायची राहिली असेल तर एवढा भाग ओलांडून पुढे जा. खुनी कोण, ते मात्र सांगणार नाही. तेवढी शिस्त अंगात भिनलेली आहे.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं उजाड माळरान आहे. तिथल्या एका घराण्याला शाप असतो. पूर्वज दुष्ट होता, एका मुलीच्या मागे लागला आणि एका अजस्र काळ्या कुत्र्याने त्याचा गळा फोडला. आता त्या घराण्याचा वृद्ध सर चार्ल्स आपल्याच बागेतल्या झाडांच्या रांगेत मेलेला सापडतो. अंगावर जखम नाही, हृदय बंद पडलेलं. डॉक्टर मॉर्टिमर १७४२ सालचं जुनं बाड घेऊन गुप्तहेर शेरलॉक होम्सकडे येतो, शापाची कथा वाचून दाखवतो आणि शेवटी सांगतो की प्रेताजवळ आपण पावलांचे ठसे पाहिले. एका राक्षसी कुत्र्याचे.

वही उघडा. डाव्या पानावर शाप, कुत्रा आणि जखमेविना मरण, सगळं चपखल बसतं. उजवं पान जवळजवळ कोरं. पण समासात बघा. बाड कोणी आणलं? डॉक्टरने. ठसे कोणी पाहिले? एकट्या डॉक्टरने. आणि एक बारीक नोंद राहते. सर चार्ल्सचे स्वतःचे ठसे माळाकडच्या फाटकापासून पुढे बदलतात, चवड्यांवर चालल्यासारखे होतात. घरच्या नोकराला वाटतं, मालक दबक्या पावलांनी चालत होते. होम्स म्हणतो, चवड्यांवर चालत कशाला असेल, तो पळत होता, जिवाच्या आकांताने पळत होता. पुरावा तोच, वाचणारा बदलला. अशा जागी मला जो आनंद होतो तो भुताच्या दहा किंकाळ्यांनी होत नाही.

मग येतो बूट. वारस सर हेन्री कॅनडाहून लंडनला पोहोचतो आणि हॉटेलातून त्याचा एक बूट चोरीला जातो. एकच, तोही नवा कोरा, पायात न घातलेला. मग जुना काळा बूट नाहीसा होतो, आणि नवा त्याच खोलीत एका कपाटाखाली सापडतो. वाचणाऱ्याला हे विनोदी वाटतं. इकडे शापाची गोष्ट चालली आहे आणि तिकडे हा माणूस वेटरवर बुटासाठी ओरडतोय. पण भुताच्या कुत्र्याला वास द्यायला बूट लागत नाही. आणि खऱ्या कुत्र्याला नवा बूट उपयोगाचा नाही, घामाचा वास मुरलेला जुनाच हवा. बुटांची अदलाबदल झाली त्या क्षणी डावं पान खलास झालेलं असतं. आपल्या ते लक्षात येत नाही, कारण लगेच माळावरचं धुकं, दलदलीत बुडणारं तट्टू आणि मध्यरात्री ऐकू येणारं बाईचं रडणं सुरू होतं. भीतीने नजर डावीकडे खेचून ठेवलेली असते आणि उजवीकडे लेखक निवांत पुरावे ठेवत जातो. तेही लपवून नाही, अगदी डोळ्यांसमोर.

त्या कथेत मला आवडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तिथलं बाकी सगळं खरं आहे. डार्टमूर खरं, तिथले ग्रॅनाइटचे सुळके खरे, कांस्ययुगातल्या माणसांच्या दगडी घरांची वर्तुळं खरी, प्रिन्सटाउनचा तुरुंगही खरा. नेपोलियनच्या युद्धातले कैदी ठेवायला तो १८०९ मध्ये सुरू झाला. काळ्या कुत्र्याच्या दंतकथा त्या भागात होत्याच. डेव्हनमध्ये वाढलेल्या बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन या मित्राकडून लेखकाला त्यांचा धागा मिळाला, आणि तो लेखकाने पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत मानलाही आहे. भुताला उभं राहायला अशी खरी जमीन लागते. 'एका गावात' म्हणून सुरू झालेली भुताची कथा मी पहिल्या पानालाच संशयाने वाचायला घेत असे.

याच कथेच्या प्रेरणेने १९६२ साली हिंदीत 'बीस साल बाद' आला. त्यात कुत्रा गेला आणि त्याच्या जागी रात्री गाणारी बाई आली, लताबाईंच्या आवाजात. हा बदल अगदी अचूक होता. आपल्याकडे रात्री कुत्रं रडलं तर अशुभ मानतात खरं, पण कुत्रं स्वतः सहसा भूत होत नाही. आपलं भूत होतं ते अन्याय झालेल्या माणसाचं, त्यातही बाईचं. तुमच्या विहिरीतली बाई त्याच वंशातली.

आता या सगळ्यामागची खरी गोम. त्या कादंबरीत भूत शोभेला ठेवलेलं नाही. भीती हेच खुनाचं हत्यार आहे. म्हाताऱ्याचं हृदय दुबळं होतं आणि शापावर त्याचा विश्वास होता, हे दोन्ही ठाऊक असलेल्या कोणीतरी त्याला त्याच्याच विश्वासाने मारलं. कोर्टात उभं करायला पुरावाही नाही. असा पुरावा घेऊन गेलो तर हसून बाहेर काढतील, असं होम्स स्वतःच म्हणतो. म्हणून अशी कथा हाती आली की 'भूत आहे का?' हा प्रश्न जरा मागे ठेवा. त्याऐवजी विचारा, भूत आहे असं लोकांनी मानलं तर फायदा कोणाचा? तुमच्या मालिकेत विहिरीकडे कोणी फिरकू नये अशी इच्छा कोणाची होती? ज्याची होती, त्याच्यावर दुसऱ्या भागापासून नजर ठेवता आली असती.

खऱ्या गुन्ह्यांतही हे असंच असतं, फक्त तिथे आनंद नसतो. परभणी जिल्ह्यातलं मानवत. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात तिथे दहा खून झाले, लहान मुली आणि बायकांचे. मुंबईहून गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी त्या तपासाचा छडा लावला. पिंपळावरचा मुंजा प्रसन्न व्हावा आणि गुप्तधन मिळावं म्हणून बळी दिले गेले, असं खटल्यात पुढे आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल १९७७ चा. मला त्यातली एक गोष्ट कायम लक्षात राहिली. मुंजा आहे की नाही, हे ठरवायची वेळ कोणत्याच न्यायालयावर आली नाही. प्रश्न वेगळाच होता. माफीचा साक्षीदार सांगतोय त्यावर किती विश्वास ठेवायचा, आणि त्याला दुसरीकडून दुजोरा मिळतो का? म्हणजे माझ्या वहीतला समासच. सांगतंय कोण, आणि त्याच्या सांगण्याला आधार काय?

(खऱ्या खुनांवरच्या मालिका हल्ली पुष्कळ निघतात. त्या पाहू नका असं मी म्हणत नाही. पण पिंपळाखालच्या दिव्यापेक्षा मेलेल्या मुलीच्या घरात कॅमेरा किती वेळ थांबतो, ते मोजून बघा. कळतं.)

मुंजाचा विषय निघालाच आहे तर आपल्या मराठी वाचकांना असलेला एक फायदा सांगतो. आपली भुतं नियमाने वागणारी आहेत. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा, राहायला पिंपळावर. समंधाचा जीव त्याच्या इस्टेटीत अडकलेला. हडळ बाळंतपणात गेलेली. आसरा पाण्यातल्या, आणि त्या सात. चकवा जिवे मारत नाही, रात्रभर एकाच शेतात फिरवतो. तळकोकणात आणि गोव्यात देवचार तर हद्द राखतो, त्याला वेळेवर त्याचा मान दिला की काम झालं. प्रत्येकाचा पत्ता आणि मागणी ठरलेली असते. तेव्हा भुताचं सोंग घेणारा माणूस कुठे चुकतो? तो नियमांत चुकतो.

एका वर्षी रत्नागिरीकडून एक कथा आली होती. लेखक नवखा, अक्षर दिव्य. गावात ओढ्याकाठी रात्री मुंजा दिसतो, दोन माणसं दगावतात, शहरातून आलेला फौजदार हैराण. मी वाचतावाचता वैतागलो. मुंजा ओढ्याकाठी कशाला येईल, याला एवढंही ठाऊक नाही? चौदाव्या पानावर एक म्हातारी फौजदाराला चहा देताना म्हणते, "आमचो मुंजो पिंपळ सोडून खंय जाणा नाय. ह्यो कोणतरी भायलो आसा." मी खुर्चीतून उठलो आणि बायकोला हाक मारली. लेखकाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते गुन्हेगाराला, आणि फौजदारालाही. अख्खं गाव मनात ओळखून होतं की हे आपलं भूत नव्हे, पण पोलिसाने कोणाला विचारलंच नव्हतं. ती कथा मी एका शब्दालाही हात न लावता छापली. म्हातारीच्या बोलीवर एका वाचकाचं रागाचं पत्र आलं, की ही बोली रत्नागिरीची नव्हे, सावंतवाडीची. त्याचं बरोबर होतं. लेखकाला विचारलं तर म्हणाला, म्हातारी तिकडचीच, लग्न करून इकडे आलेली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. भूत खरंच निघालं तर गुन्हेकथा उरते का?

कर्मठ लोक म्हणतील, नाही. रोनाल्ड नॉक्स हा इंग्रज धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहायचा. त्याने १९२९ मध्ये या प्रकारासाठी दहा आज्ञा लिहून काढल्या. त्यांतली दुसरीच आज्ञा अशी की अतींद्रिय शक्तींना इथे मुळातच मज्जाव. गंमत बघा, देवावर श्रद्धा असलेला पाद्री भुताला दारातूनच हाकलतो. त्याचं कारण धर्माचं नाही, खेळाचं आहे. खुनी भिंतीतून आरपार जाऊ शकत असेल तर बंद खोलीच्या कोड्याला अर्थच राहत नाही.

मला हे पूर्ण पटत नाही. वेताळ पंचविशी आठवा. तिथे भूत हेच परीक्षक आहे. प्रेतात शिरून विक्रमाच्या खांद्यावर बसतं, गोष्ट सांगतं आणि विचारतं, आता सांग, दोष कोणाचा? पंचवीस गोष्टींतल्या कित्येक म्हणजे न्यायनिवाडेच आहेत. वेताळ खरा असल्याने कोडं मुळीच सैल होत नाही, कारण वेताळाचा नियम आपल्याला आधीच सांगितलेला असतो. राजा बोलला की वेताळ परत झाडावर.

'हॅम्लेट' घ्या. बापाचं भूत येऊन सांगतं, मला माझ्या भावाने मारलं. हे भूत पहारेकऱ्यांनाही दिसतं, म्हणजे नुसता भास नाही. तरीही हॅम्लेट त्याच्या शब्दावर तलवार उपसत नाही. हे सैतानाचं सोंगही असू शकेल, अशी शंका तो घेतो आणि नाटक रचून काकाचा चेहरा तपासतो. भूत फिर्यादी आहे आणि पोरगा दुजोरा शोधतोय. याहून चोख गुन्हेकथा कोणती? या नाटकाचं मराठी रूप, 'विकारविलसित', १८८३ साली कोणी केलं? गोपाळ गणेश आगरकरांनी. बुद्धिवादाचा एवढा कडवा पुरस्कर्ता, आणि त्याच्या नाटकात पहिली साक्ष भुताची. आगरकरांना त्यात काही अडचण वाटली असेल असं मला वाटत नाही. साक्ष भुताची असली तरी तपास माणसाचाच होता.

तेव्हा माझं मत असं की भूत खरं असलं तरी चालेल, फक्त त्याचे नियम वाचकाला आधी कळले पाहिजेत आणि त्याने माणसाचं काम स्वतःच्या अंगावर घेता कामा नये. खुनाचा निर्णय माणसाचा हवा. शेवटच्या पंधरा मिनिटांत भुताला अचानक नवी शक्ती आली की ती लबाडी. शेवटच्या पंधरा मिनिटांत अचानक जुळा भाऊ यावा, तितकीच.

तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं, त्याच्या खरेखोटेपणाची तपासणीही वहीनेच होते. मालिका संपल्यावर डाव्या पानावरची एकेक नोंद घ्या आणि दिराने ती कशी घडवली ते उजव्या पानावर दाखवा. जुळली की काट मारा. विहिरीतली बाई? पोशाख आणि कंदील, काट. बंद खोलीतून येणारा बांगड्यांचा आवाज? फोनवर ध्वनिमुद्रित केलेला, काट. असं करत गेल्यावर काही नोंदी उरतील. समजा, धाकट्या मुलीला आजीचं घरगुती नाव कसं कळलं, याचं उत्तर मालिकेत कुठेच मिळालं नाही. आता ही शिल्लक हलगर्जीपणाची आहे की मुद्दाम ठेवलेली?

मी याला एक कसोटी लावतो. मुद्दाम ठेवलेल्या शिल्लकीकडे कथा शेवटी एकदा तरी वळून बघते. सगळं उलगडलं, आरोपीला नेलं, पाहुणे गेले, आणि मुलगी विहिरीकडे बघून पुन्हा ते नाव पुटपुटते. तेव्हा लेखकाला ठाऊक असतं की एक नोंद उरलीय, आणि ती तुम्हाला घरी न्यायला दिलेली असते. हलगर्जी लेखकाला ती आठवतही नाही. सहाव्या भागात भिंतीवर उमटलेले ओले हात आठव्या भागात कोणाच्या बोलण्यातही येत नाहीत, तेव्हा खुशाल चिडा. तुमचा राग न्यायाचा आहे.

उलट सगळ्या नोंदींना काट बसत असेल, तर मालिकेने तुम्हाला फसवलेलं नाही. तुम्हाला फक्त बाई हवी होती. त्यात काही गैर नाही, मलाही कित्येकदा हवी असते. पण मग तो हट्ट आपला, दोष त्यांचा नव्हे.

एक प्रकार मात्र मी कधीच माफ केला नाही. सगळं स्वप्न होतं, किंवा सांगणारा पहिल्यापासून वेडाच होता. त्यात वहीची दोन्ही पानं एकदम फाडली जातात. अशा कथा मी परत पाठवायचो आणि सोबतच्या पत्रात एवढंच लिहायचो, "स्वप्न चांगलं आहे, कथा पाठवा."

बघण्याच्या सवयींबद्दल थोडं. दोन रात्रींत आठ भाग, हे जरा घाईचं झालं. 'स्ट्रँड'चे वाचक नऊ महिने थांबत होते. तेवढं नको, पण पाचव्या भागानंतर एक दिवस टीव्ही बंद ठेवा. त्या दिवशी स्वयंपाक करताना, बसमध्ये, डोक्यात जे फिरतं तीच या प्रकाराची खरी चव आहे. सहावा भाग सुरू करण्याआधी घरातल्या प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: भूत की माणूस, माणूस असेल तर कोण आणि कशावरून. 'कशावरून' लिहिल्याशिवाय चिठ्ठी बाद. चिठ्ठ्या फ्रीजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवा. चुकलेली चिठ्ठी बरोबर आलेल्या चिठ्ठीपेक्षा जास्त मजेशीर असते, कारण लेखकाने आपल्याला नेमकं कुठे वळवलं ते तिच्यावरून दिसतं.

झलक बघू नका, आणि चित्रंही जपून बघा. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. एका वर्षी आमच्या चित्रकाराने कथा पूर्ण वाचून मन लावून पहिल्या पानाचं चित्र काढलं. खिडकीत उभी धूसर आकृती, हातात कंदील. कंदील डाव्या हातात. कथेत डावखुरा माणूस एकच होता. अंक बाजारात गेल्यावर माझ्या ते लक्षात आलं. चित्र मीच पास केलं होतं, तेव्हा कोणाला बोलणार? त्यानंतर चित्रकाराला कथेचा शेवट द्यायचा मी बंद केला.

बघताना दिवे मालवायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आवाजाकडे मात्र कान ठेवा. भीतीच्या प्रसंगात संगीत वाढतं तेव्हा मी उलट ते मनातून वजा करतो आणि पडद्यावर प्रत्यक्षात काय झालं तेवढंच बघतो. पुष्कळदा काहीच झालेलं नसतं, एक दार उघडं असतं. मग वहीत लिहायचं ते 'दार उघडं', 'भूत आलं' असं नाही. आणि दार उघडं असेल तर शेवटचं बंद कोणी केलं होतं?

आता सासूबाई. त्यांनी दुसऱ्या भागात दीर ओळखला आणि तरी त्यांनाच सगळ्यात जास्त मजा आली, याचं तुम्हाला नवल वाटतं. मला अजिबात वाटत नाही. खुनी कळल्यावर मजा संपते, हा आपला गैरसमज आहे. खुनी कळला की नाटकाला विंगेतून बघितल्यासारखं होतं. पुढचे सहा भाग त्या बघत होत्या की हा आता चेहरा कसा सांभाळतो, बाई दिसल्याची बोंब झाल्यावर हा सगळ्यांच्या आधी पळतो की सगळ्यांच्या नंतर, आणि घरातल्या बाकीच्यांना कसं काही सुचत नाहीये. 'हाउंड' मी सहा-सात वेळा तरी वाचलं असेल. खुनी पाठ आहे. दर वेळी तो पहिल्यांदा पानावर येतो आणि हसतमुखाने बोलायला लागतो, तेव्हा माझी मान आपोआप पुढे होते.

आणि त्यांनी ओळखलं ते कशाच्या जोरावर, याचा मला अंदाज आहे. आपण सगळे विहिरीकडे बघत होतो. त्या बघत असतील घर. जेवायला कोण उशिरा आलं, कोणाचं ताट तसंच राहिलं, दुखवट्याच्या घरात कोणाला झोप लागली, चुलीपाशी कोण उगाच घुटमळलं. चाळीस-पन्नास वर्षं एकत्र घर चालवलेल्या बाईची उजव्या पानाची नोंद आपल्या कितीतरी पुढे असते, वही न घेताही.

त्यांना एकदा नीट विचारा, दीर नेमका कशावरून ओळखला. आणि त्यांनी काय पाहिलं होतं ते मलाही कळवा.